पेटीतील बाभूळबन

वाचकहो, आमच्या दिवाणखान्यात, आप्पांच्या पलंगाच्या उशाशी, एक जुनी पत्र्याची पेटी आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ब्याऐंशी, जालना जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक. शिक्षकी पेशाच्या शिक्षणासाठी प्रथम घर सोडले, तेव्हा त्यांनी ही पेटी घेतली होती. आज तिच्यात कपडे नाहीत, कागदपत्रे नाहीत. आज तिच्यात एकेचाळीस बाभळी, अठरा कडुनिंब, बावीस शिंदी आणि दोन वृद्ध चिंचा आहेत. सर्वांत उंच झाड वीतभर. घरी येणारा पाहुणा पेटी उघडून पाहतो, हसतो आणि विचारतो, ‘दिवाळीच्या किल्ल्यासाठी का?’ आप्पा गंभीरपणे उत्तर देतात, ‘नाही. असईच्या लढाईसाठी.’

ही हकीकत मी आपल्याला सांगतो आहे ती कौतुकापोटी नव्हे. घरातील वृद्धांची काळजी घेणारे आपण सर्वजण जी एक चूक करतो, ती मी डॉक्टर असूनही केली. ती कशी झाली, हे सांगितल्यास कदाचित आपल्या घरी ती टळेल.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आप्पांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली होती. वेळेवर उपचार मिळाले, वाचा शाबूत राहिली, काठी घेऊन चालणेही महिन्याभरात जमू लागले. उजव्या हाताची चिमूट मात्र परत आली नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटत, पण त्यांच्यात जोर नसे. शर्टाची गुंडी, लेखणी, भाताचा घास, सारे निसटे. फिजिओथेरपीच्या ताईंनी दाबण्यासाठी मऊ गोळा दिला, कपडे वाळत घालण्याचे चिमटे दिले, दिवसातून तीन वेळांचे वेळापत्रक दिले. मी ते भिंतीवर लावले. चार दिवसांनी गोळा पलंगाखाली सापडला. मी रागावलो, तेव्हा आप्पा म्हणाले, ‘अरे, मी काय जन्मभर कणीक मळायला बसू?’

त्यांचे चुकले नव्हते. हाताचा सराव एखाद्या खऱ्या कामाशी जोडलेला असावा, हे तत्त्व पक्षाघातानंतरच्या उपचारांत मान्य आहे. नुसती हालचाल आणि हेतू असलेली हालचाल यांत फरक असतो. मला हे ठाऊक होते. त्यांच्यापुढे हेतू कोणता ठेवावा, हे ठाऊक नव्हते. पोथीवाचनात त्यांचे मन नव्हते, दूरचित्रवाणीचा त्यांना कंटाळा होता आणि आईच्या माघारी बागेत जाणे त्यांनी सोडून दिले होते.

हेतू आला तो इंग्लंडहून. माझे चिरंजीव नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला असतात. लढाईच्या खेळांसाठी लागणाऱ्या चिमुकल्या सैनिकांच्या निर्मितीचे ते ब्रिटनमधील मोठे केंद्र आहे, आणि त्यालाही तो नाद लागला आहे. मेजावर टेकड्या, नद्या, गावे मांडायची, बोटाच्या दोन पेरांएवढे रंगविलेले सैनिक उभे करायचे, फूटपट्टीने अंतर मोजून त्यांना चालवायचे आणि फासे टाकून चकमकीचा निकाल ठरवायचा, असा हा खेळ.

त्याचा इतिहास मनोरंजक आहे. 1812 साली प्रशियाच्या राजासाठी राइसवित्स नावाच्या गृहस्थाने असे एक मेज तयार केले. भूप्रदेशाचे प्लास्टरचे चौकोनी तुकडे जुळवून त्यावर हवी ती रणभूमी उभी करता येई, आणि सामान ठेवण्यासाठी त्याच मेजाला खण होते. पुढे 1824 मध्ये त्याच्या मुलाने नियम सुधारून प्रसिद्ध केले आणि हा खेळ सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात शिरला. घरगुती दिवाणखान्यात तो लोकप्रिय करण्याचे श्रेय बरेचसे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराकडे जाते. 1913 मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याने आपल्या खेळाचे नियम मांडले. झाडे म्हणून तो झुडपांच्या डहाळ्या लाकडी फळ्यांत खोचीत असे. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले, ही त्यातील विषादाची बाजू.

एका रविवारी चिरंजीवांनी व्हिडिओ कॉलवर आपली नवी मांडणी आजोबांना दाखविली. 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या जालना जिल्ह्यातील असई येथे झालेली लढाई. एकीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा, दुसरीकडे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला आर्थर वेलस्ली. इंग्लंडमधील खेळाडूंना ही लढाई चांगली परिचित आहे. आप्पा चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘असईला देवदार कधी उगवले रे?’

नातू ओशाळला. त्याच्याकडे बाजारात मिळणारी तयार झाडे होती, त्यांत सूचिपर्णी वृक्षच जास्त. आप्पांनी ऐन उमेदीतली कितीतरी वर्षे त्या परिसरातील शाळांत काढली होती. ते सांगू लागले. ओढ्याच्या काठाला शिंदी, माळावर बाभळी, गावाच्या वेशीला कडुनिंब आणि चिंच. आजारपणानंतर प्रथमच ते सलग अर्धा तास बोलले. शेवटी नातू म्हणाला, ‘आजोबा, मग तुम्हीच करून द्या ना झाडे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती बारीक तार आणायला सांगितली.

आपल्यापैकी कोणाला हे करून पाहावेसे वाटल्यास रीत सांगतो. असे सैनिक खऱ्या माणसाच्या साधारण एक साठांश धरले, तर सहा मीटर उंचीची बाभूळ दहा सेंटिमीटरची होते आणि बारा मीटरचा कडुनिंब वीस सेंटिमीटरचा. तारेचे दहा-बारा समान तुकडे घ्यावेत. खालची दोन सेंटिमीटर टोके मुळांसारखी फाकवावीत, त्यावर सर्व तारा एकत्र पिळून खोड करावे, मग तीन-तीन, दोन-दोन अशा वेगळ्या करीत फांद्या पिळाव्यात. बाभळीचे खोड आखूड ठेवावे, तिच्या फांद्या लवकर फुटतात आणि माथा पसरट होतो. कडुनिंबाचे खोड उंच, माथा गोलसर. तळाशी लोखंडी वॉशर चिकटविले की वजन येते आणि झाड कलंडत नाही. फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून तो लेप खोडाला द्यावा म्हणजे साल खडबडीत दिसते. तो वाळला की गडद तपकिरी रंग, आणि त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने राखाडी रंगाचा हलका हात फिरवावा.

पाने जुन्या फोमची. फोमचे तुकडे पातळ केलेल्या हिरव्या रंगात भिजवून पिळून वाळवावेत आणि कात्रीने बारीक कुटका करावा. बाभळीची पाने विरळ, करड्या हिरव्या छटेची. कडुनिंबाची दाट आणि तजेलदार. आप्पा दोन हिरवे रंग कधीच एकसारखे होऊ देत नसत. ‘चैत्रातला निंब आणि भाद्रपदातला निंब एक असतो का?’ लढाई भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराची, म्हणून सारी झाडे पावसाळ्यानंतरच्या हिरवाईची हवीत, असा त्यांचा आग्रह. शिंदीची पाने कागदाची. पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक काप देऊन ती कात्रीच्या पात्यावरून ओढली की छान वाकते.

आता डॉक्टर म्हणून पाहा. तार पिळणे म्हणजे चिमटीचा जोर. फांद्या वेगळ्या करणे म्हणजे एकेका बोटाची स्वतंत्र हालचाल. कात्री म्हणजे उघडझाप आणि कुंचला म्हणजे मनगटाचे नियंत्रण. फिजिओथेरपीच्या ताई जे मागत होत्या ते सारे येथे होते. पहिली बाभूळ पूर्ण व्हायला नऊ दिवस लागले. ज्येष्ठ संपेपर्यंत चौतीस झाडे झाली होती आणि आप्पा शर्टाच्या गुंड्या स्वतः लावू लागले होते. नैसर्गिक सुधारणेचा यात किती वाटा आणि झाडांचा किती, हे मी सांगू शकणार नाही. परंतु सकाळी उठून त्यांना करण्यासारखे काही होते, एवढे खचित.

आणि मग मी ती चूक केली.

आषाढात घरी पाहुणे यायचे होते. दिवाणखान्यातील मेजावर तारा, रंगाच्या वाट्या, फोमचा चुरा आणि ती चौतीस झाडे पसरलेली. आप्पा दुपारी झोपले असताना मी झाडे एका बुटांच्या खोक्यात आडवी भरली, खोका माळ्यावर ठेवला, आणि जागा कमी पडली म्हणून त्यावर जुन्या वैद्यकीय नियतकालिकांचा गठ्ठा रचला. माझ्या मनात वाईट काही नव्हते. ‘पाहुणे गेले की काढू,’ असे म्हणून मी दवाखान्यात गेलो आणि विसरलो. आप्पांनी दोनदा विचारले. दोनदा मी ‘हो, काढतो’ म्हटले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही.

गौरी-गणपतीच्या सजावटीचे सामान काढताना खोका हाती आला. गठ्ठ्याच्या भाराने झाडे चपटी झाली होती. पाऊसकाळची दमट हवा आणि पूर्ण न वाळलेला लेप यांमुळे खोडांवर पांढरी बुरशी चढली होती. शिंदीची पाने आप्पांनी घरच्या कणकेच्या खळीने चिकटविली होती. ती कसरीने खाल्ली होती. मी खोका घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी एक बाभूळ उचलली, बोटाने बुरशी पुसली आणि परत ठेवली. म्हणाले, ‘असू दे. अडगळच होती.’

त्यानंतर अठरा दिवस त्यांनी तारेला हात लावला नाही. गुंडी लावायला ते पुन्हा सूनबाईंना हाक मारू लागले. हाताची शक्ती गेली नव्हती, तपासून पाहिले होते मी. गेले होते ते दुसरेच काही.

वाचकहो, त्या दिवसांत मला आमच्या दवाखान्यातील अनेक कुटुंबे आठवली. सासूबाईंनी विणलेले स्वेटर ‘छान आहे’ म्हणून कपाटाच्या तळाशी जाते. वडिलांनी उतरवून काढलेल्या वंशावळीची वही रद्दीत जाता जाता वाचते. वृद्धांना आपण ‘काहीतरी करीत राहा’ असे सांगतो, आणि त्यांनी केलेल्या वस्तूला घरात जागा देत नाही. मग ते करणे केवळ वेळ घालविणे ठरते, आणि हे त्यांना आपल्याआधी कळते. मी आप्पांच्या हाताकडे पाहत होतो. त्या हाताने केलेल्या वस्तूकडे माझे लक्षच नव्हते.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्यासमोर तार घेऊन बसलो आणि म्हणालो, ‘आप्पा, मला शिकवा.’ ते काही बोलले नाहीत. मी तासभर धडपडून एक झाड पिळले. ते त्यांनी उलटसुलट पाहिले. ‘ही बाभूळ नाही, छत्री आहे,’ असे म्हणून त्यांनी ते माझ्या हातून घेतले आणि दुरुस्त करू लागले. दुपारी त्यांनी स्वतःच आपली पेटी रिकामी करवून घेतली.

त्या पेटीची व्यवस्था आपल्याही उपयोगी पडेल. पेटीचा तळ लोखंडी पत्र्याचा असल्याने प्रत्येक झाडाच्या वॉशरखाली एक छोटे चपटे चुंबक पक्के चिकटविले. झाडे उभीच राहतात, पेटी उचलली तरी पडत नाहीत, माथे दबत नाहीत. (ॲल्युमिनियमच्या पेटीला चुंबक धरत नाही, तेव्हा आधी तपासून घ्यावे. तशी पेटी असल्यास थर्मोकोलच्या जाड पाटाला खाचा पाडून त्यात झाडे रोवावीत.) झाड ठेवण्यापूर्वी किमान आठवडाभर मोकळ्या हवेत वाळू द्यावे. कणकेची खळ वापरू नये, तिच्यावर कसर येते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यांत ठेवाव्यात आणि पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, ऊन पडेल त्या दिवशी, पेटी उघडी ठेवावी. उन्हात नव्हे, सावलीत, कारण उन्हाने रंग उडतो. झाकणाच्या आतल्या बाजूला काय किती आहे याची यादी लावावी. आप्पांची यादी त्यांच्याच अक्षरात आहे. पहिल्या ओळीतील अक्षर थरथरते आहे, शेवटच्या ओळीतील बरेच स्थिर.

काही सावधगिरीच्या गोष्टी आवर्जून सांगतो. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चुंबके छातीपासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावीत, खिशात तर मुळीच ठेवू नयेत. घरात लहान मूल असेल तर सुटी चुंबके मोजून ठेवावीत. पोटात दोन चुंबके गेली तर ती आतड्याला मध्ये पकडून भोक पाडू शकतात, आणि अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डांबरगोळ्या पेटीत घालू नयेत. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती त्यांना पेपरमिंट समजून तोंडात टाकू शकते, आणि काहींच्या रक्तपेशींना त्या फार घातक ठरतात. सिलिकाच्या पुड्याही अशा व्यक्तीच्या हाती लागू देऊ नयेत.

तार कापताना तुकडा उडतो, म्हणून चष्मा हवाच. जुन्या मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांना टोचलेले कळत नाही. त्यांनी काम संपल्यावर बोटे उजेडात तपासावीत, आणि गरम गोंदाची बंदूक वापरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लहानशा कापल्यावरही रक्त अधिक वेळ वाहते. स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे, तरीही थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे. दमा असलेल्यांनी फवाऱ्याचा रंग आणि कोरडा भुसा टाळावा. मेज कोपराच्या उंचीचे असावे, उजेड काम करणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. शेवटची गोष्ट काळजी घेणाऱ्यांसाठी. वाकडे झालेले झाड त्यांच्या नकळत सरळ करू नये. मी एकदा केले. आप्पांच्या लगेच लक्षात आले.

गेल्या हिवाळ्यात चिरंजीव घरी आले, तेव्हा तीस झाडे त्यांच्याबरोबर नॉटिंगहॅमला गेली. परदेशी जाताना वनस्पतिजन्य वस्तूंविषयी नियम कडक असतात, म्हणून आप्पांनी त्या तीस झाडांना भुशाऐवजी भिंतीला लावायच्या पुट्टीचा लेप दिला होता. निघण्याच्या आदल्या रात्री आजोबा-नातू जमिनीवर चादर पसरून बसले. आप्पांनी केळणा आणि जुई या दोन नद्यांसाठी दोन ओढण्या अंथरल्या आणि झाडे कोठे लावायची ते दाखविले.

त्या लढाईत वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणत होते की पलीकडे जायला उतार नाही. त्याने पाहिले की दोन्ही काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत. तेव्हा येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला, आणि उतार खरोखरच सापडला. नातवाने हे मोठ्या कौतुकाने सांगितले. आप्पा हसले. ‘यात कसली हुशारी? समोरासमोरच्या गावांत सोयरीक असते, बाजार असतो. लोक पाण्यातून जाणारच. त्याला कोणी सांगितलं नाही एवढंच.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘त्यांच्याच बाजूचे दीड हजारांवर माणूस पडले किंवा जखमी झाले. आपल्याकडचे कोण मोजतो. खेळताना हेही लक्षात ठेव.’

मी शेजारी बसून ऐकत होतो. आप्पांपर्यंत पोहोचायला उतार नाही, असे वर्षभर मी स्वतःला सांगत आलो होतो. भिंतीवरच्या वेळापत्रकातून मी तो शोधला होता, आणि वाट होती ती असईच्या बाभळींमधून.

वसंतात नॉटिंगहॅमहून छायाचित्रे आली. हिरव्या मेजावर निळ्या नद्या, लाल आणि रंगीबेरंगी सैनिक, आणि त्यांच्यामध्ये आमच्या घरची झाडे. लढाई कोण जिंकले हे आप्पांनी विचारले नाही. छायाचित्र मोठे करून त्यांनी फक्त शिंदी पाहिल्या आणि म्हणाले, ‘एक ओढ्यापासून लांब लावलीय. त्याला कळव.’

आता त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आहे, शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. तोपर्यंत बारीक काम बंद, फक्त फोम रंगविणे चालू. पेटी उशाशीच असते. पाहुणे आले तरी ती हलत नाही, पाहुण्यांच्या खुर्च्या हलतात.

आपल्या घरी झाडे नसतील. गोधडी असेल, वाती असतील, सुडोकूच्या सोडविलेल्या वह्या असतील. या आठवड्यात एवढेच करावे. एक कप्पा रिकामा करावा, त्यांच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवरचा, आणि त्यात काय ठेवायचे हे त्यांनाच विचारावे.